दाजी जोर लावत नसत

देवानं घाई नावाची वस्तू घरोघर वाटली, तेव्हा आमचे दाजी नक्कीच मोटारसायकलशेजारी पोतं टाकून पडलेले असणार, आणि वाटणारा त्यांना झोपलेलं समजून पुढच्या दाराला गेला असणार. वास्तविक ते झोपलेले नसत. ते नट सुटायची वाट बघत असत. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. जालन्यात एका सरकारी कचेरीत कारकून होते. पण कचेरी ही त्यांची नुसती नोकरी. त्यांचा खरा जन्म रविवारी सकाळी अंगणातल्या लिंबाखाली सुरू व्हायचा आणि दिवेलागणीला अक्काच्या हाकेनं संपायचा.

जालना तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता आणि मी केदारखेड्याकडच्या आमच्या गावाहून शिकायला अक्काकडे येऊन राहिलो होतो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. बी. ए. झालो, मग बी. एड. झालो. हे आधीच सांगून टाकतो, कारण मला त्याचा अभिमान आहे, आणि दाजींना तो माझ्याहून जास्त होता. निकाल लागल्या दिवसापासून त्यांनी मला नावानं हाक मारणंच सोडलं. "ए बी. ए., जेवून राह्यला का?" असं ते भर गल्लीत, चार घरांना ऐकू जाईल अशा बेतानं विचारत. चार घरांना ऐकू गेलं नाही असं वाटलं, तर पुन्हा विचारत.

त्यांची मोटारसायकल एका दूधवाल्याकडून आलेली. कॅनांनी दोन्ही कुशी चेपलेल्या, रंग मूळचा कोणता यावर मतभेद, आणि मागून धूर असा की तिच्यावर बसून गेलेला माणूस गेला की विरला, ते कळायला थोडा वेळ लागे. दूधवाल्यानं ती पावसापाण्यात उभी केलेली असल्यामुळे तिचा एकेक नट-बोल्ट गंजून आपापल्या जागी कायमचा राहायला गेलेला. दुसऱ्या कोणी पाना लावून, पान्याला लोखंडी पाईप जोडून, पाय रोवून ओढलं असतं. दाजी तसं करणाऱ्याला कसाई म्हणत. त्यांची रीत वेगळी. आधी नटाला पुसायचं. मग रॉकेलात भिजवलेली चिंधी त्याला गुंडाळायची, तापानं फणफणलेल्या पोराच्या कपाळावर पट्टी ठेवावी तशी. मग हातोडीनं अगदी हलके टिचक्या मारायच्या आणि कान लावून ऐकायचं. मग आडवं व्हायचं. बऱ्याच वेळानं उठून पाना लावायचा, तोही आधी आवळायच्या बाजूनं, केसभर. मी एकदा विचारलं, "दाजी, सोडायचाय ना? मग आवळता कशाला?" ते म्हणाले, "आधी त्याच्या मनासारखं करावं लागतं. इतकी वर्षं तो बिचारा घट्ट बसून राह्यला, ते का चुकीचं होतं? बराबरच होतं की. तेवढं कबूल केलं की मंग तो आपलं ऐकतो." आणि खरंच, थोड्या वेळानं एक बारीक 'कुर्र' असा आवाज येई, आणि दाजींच्या चेहऱ्यावर असं काही पसरे की अक्कासुद्धा भाकरी थापता थापता दारातून डोकावून जाई.

त्या रविवारांचं मला अजून नवल वाटतं. मी खाटेवर पुस्तक घेऊन पडलेलो, लिंबाच्या सावल्या पानांवरून सरकतायत, रॉकेलचा वास, दूर स्टेशनात मालगाडी शंट करतेय, आणि शेजारी दाजी डोळे मिटून एखाद्या नटाच्या स्वभावाबद्दल बोलतायत. "ह्यो आमच्या थोरल्या चुलत्यासारखा हाय. आधी बिलकुल न्हाई म्हणणार. दोनदा च्या पाजला की स्वतःच उठून येणार." मी इतिहासाचा अभ्यास करी, राज्यं येत आणि जात, आणि चिंधीखालचा नट तसाच. मधूनच मला डुलकी लागे आणि स्वप्नात कुठला तरी बादशहा किल्ल्याच्या दाराला रॉकेलची पट्टी लावून बसलेला दिसे.

ही रीत मोटारसायकलपुरती असती तर अक्कानं निभावून नेलं असतं. पण दाजी सगळ्या जगालाच नट-बोल्टासारखे आटे पाडलेत असं धरून चालत. एकदा घरी पाहुणे जेवायला बसलेले आणि लोणच्याच्या बरणीचं झाकण हलेना. अक्कानं जोर लावायला घेतला तशी दाजींनी बरणी काढून घेतली, गरम फडकं गुंडाळलं, मांडीवर ठेवली आणि पाहुण्यांना म्हणाले, "तुम्ही वरणभात चालू द्या. जल्दी न्हाई." पाहुण्यांनी हात धुतले तेव्हा झाकण फिरलं. दाजी एवढे खूश, की त्यांनी सगळ्यांना पुन्हा पाटावर बसायचा आग्रह केला. अक्का रुसली तरी तेच. ते समजूत घालत नसत, बाजूला जाऊन बसत. अक्का मला म्हणायची, "ह्या माणसानं मला बी चिंधी गुंडाळून ठेवलंय बघ. एकदा तरी भांड म्हणावं माझ्याशी, मोकळं तरी होईल." दाजी अंगणातून म्हणत, "आधी तूच बराबर होतीस, झालं?" आणि आतून हसू ऐकू येई.

तर अशा माणसाच्या घरी मला नोकरीचा हुकूम आला. परतूरच्या एका शाळेत शिक्षक म्हणून सोमवारी सकाळी हजर व्हायचं होतं, आणि उशीर झाला तर जागा दुसऱ्याला देऊ असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. मी रेल्वेनं जाणार होतो. जालन्याहून परतूरला गाडी सरळ जाते, अडचण काहीच नव्हती. दाजींना मात्र ते अपमानाचं वाटलं. "आपल्या घरातलं पहिलं बी. ए. गर्दीत उभं राहून जाणार? मी न्हेऊन पोचवतो. शाळेच्या फाटकातून आत, सगळ्यांच्या समोर." माझं मन हरखलं. घरून बाबा येऊ शकणार नव्हते, आणि आपल्याला कोणीतरी पोचवायला यावं असं मलाही आतून वाटत होतं. मी हो म्हणालो.

आता ज्याला दुसऱ्या दिवशी लांब जायचंय त्यानं आदल्या दिवशी गाडीला हात लावू नये, एवढं कोणालाही कळतं. दाजींनी रविवारी सकाळी पोतं अंथरलं. म्हणे, "मास्तराच्या मागं धूर नको. सायलेन्सर साफ करून घेतो." सायलेन्सर इंजिनाला दोन नटांवर बसलेला असतो. पहिला नट दुपारी सुटला. दुसऱ्यानं चिंधी घेतली, टिचक्या घेतल्या, आवळणं घेतलं आणि जागचा हलला नाही. दाजी आडवे झाले. उठले. पुन्हा आडवे झाले. मी खाटेवर होतो, पण हातात पुस्तक नव्हतं. उन्हं अंगणाच्या भिंतीवर चढली. अक्का दोनदा येऊन बघून गेली. शेवटी मी आत जाऊन पिशवी भरली आणि ती दाराशी आणून ठेवली. नुसती ठेवली.

दाजींनी पिशवीकडं बघितलं. मग माझ्याकडं. मग ते उठले, शेजाऱ्याकडं गेले आणि त्याच्याकडून लोखंडी पाईप मागून आणला. मला वाटलं, दुसऱ्या कशाला तरी असेल. त्यांनी तो पान्याला जोडला, पाय रोवला, आणि मी त्यांना ओळखत असलेल्या साऱ्या काळात पहिल्यांदा जोर लावला. 'कुर्र' झालं नाही. 'कट्' झालं. नट आणि त्याच्यासोबत आतल्या दांड्याचा तुकडा पोत्यावर येऊन पडला. उरलेला दांडा इंजिनाच्या आत, धरायला डोकं नसलेला.

"तुटला," दाजी म्हणाले. कोणी गेल्याची बातमी सांगावी तसे.

अक्का इतकी वर्षं या क्षणासाठी टोमणे साठवून होती. त्यातला एकही तिनं काढला नाही. "हात धुऊन घ्या, च्या टाकते," एवढंच म्हणाली. मी म्हणालो, "दाजी, एका नटावर जाऊ की." ते म्हणाले, "फटफटत? सगळं परतूर बाहेर येऊन बघंल. न्हाई. तू रेल्वेनं जा, नोकरी जाऊ नको देऊ." सकाळी ते माझी पिशवी सायकलला अडकवून स्टेशनापर्यंत चालत आले. गाडी हलली तेव्हा खिडकीसोबत चालता चालता म्हणाले, "तू हजर हो. पोचवायचं मी करतो." मला ते सांत्वन वाटलं. मी वेळेवर हजर झालो. सही केली, खडू घेतला, वर्गावर गेलो. कोणी पोचवायला आलं होतं का, असं कोणी विचारलं नाही.

तो हिवाळाभर दाजी सायकलवर कचेरीत गेले. अक्का म्हणायची, "पोट तरी आत गेलं, तेवढाच नफा." मी सुट्टीत गेलो की ते लिंबाखाली दिसत. हातात बारीक टोकदार छिन्नी, आणि तुटक्या दांड्याच्या कडेला इतक्या हलक्या हातानं ठोकून राह्यलेले की लांबून वाटावं, नुसतं विचारून राह्यलेत. कोणी म्हटलं, लेथवाल्याकडं न्या, तो ड्रिल मारून काढील. ते म्हणत, "मी तोडला त्याला. मीच काढणार."

उन्हं तापायला लागली होती. परीक्षा जवळ आलेल्या. मी नववीच्या वर्गावर शिकवत असताना शिपाई दारात आला. त्याच्या तोंडावर पेच. "सर, तुमचे कोणी पाव्हणे आलेत. फाटकाबाहेर उभे हायेत. म्हणतेत, सरांना बाहेर पाठवा, आत आणायचंय." मुलं हसली. मी बाहेर गेलो. फाटकाशी दाजी, इस्त्रीचं पांढरं शर्ट, डोक्याला टोपी, आणि मागं मोटारसायकल, जिच्यातून धुराची एक रेघसुद्धा येत नव्हती. "काल सुटला," ते म्हणाले. "बस."

त्यांनी मला आधी स्टेशनावर नेलं. फलाटाच्या तोंडाशी गाडी वळवली आणि म्हणाले, "हं, आता उतरलास तू रेल्वेतून." मग तिथून निघालो. दाजी फार हळू चालवत होते. कापसाच्या शेवटच्या गाड्या बाजाराकडं चाललेल्या, त्यांच्यामधून, बैलांच्या चालीनं. वाऱ्यावर कापसाचे बारके पुंजके तरंगत होते, काही त्यांच्या टोपीवर बसले. इंजिन इतकं शांत की मला बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज येत होता. माझा हात त्यांच्या खांद्यावर होता.

फाटकातून आत शिरलो तेव्हा खिडक्याखिडक्यांत मुलं होती आणि व्हरांड्यात मुख्याध्यापक उभे होते. दाजींनी गाडी त्यांच्यासमोर नेऊन थांबवली, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "साहेब, ह्यो आमच्या घरातला पहिला बी. ए. पोचता करून राह्यलो." मुख्याध्यापक भला माणूस. मी तिथं कधीपासून शिकवतोय ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. ते पायऱ्या उतरून आले आणि हात जोडून म्हणाले, "या, या. आम्ही वाटच बघत होतो."

आता दाजी नाहीत. मी पुढं बऱ्याच शाळा बघितल्या, मुख्याध्यापक झालो, निवृत्तही झालो, आणि दर ठिकाणी आपल्या पायांनी जाऊन सही केली. पण दुपारी जरा डोळा लागला की कधीकधी मी पुन्हा त्या मागच्या सीटवर असतो. कापूस उडत असतो, समोर ती रुंद पांढरी पाठ असते, गाडी बैलांच्या चालीनं चाललेली असते. आणि इतक्यात फाटक येतं. परतूरचं स्टेशन शाळेच्या एवढं जवळ कशाला बांधलं, कोण जाणे.