जोडवं

शिजलेल्या हळदीचा वास आला की आजही माझं डोकं फिरतं. त्या वर्षी शेलूबाजारजवळच्या आमच्या वावरात हळद शिजवताना ड्रमचं लोखंडी झाकण माझ्या पायावर पडलं. अंगठ्याशेजारचं बोट टम्म सुजलं आणि जोडवं त्यात रुतून बसलं. सासूबाईंनी वरून हळद थापली. तिसऱ्या दिवशी बोट काळं पडलं, तेव्हा मी नवऱ्याला म्हटलं, “मले दवाखान्यात न्या.” तो आईकडे पाहू लागला. त्या म्हणाल्या, “डॉक्टर जोडवं कापून टाकन. नवरा जित्ता असतानी जोडवं कापतेत का कोनी? सूज उतरन आपोआप.” समोरच्या रस्त्यावरून वाशीमच्या जीपा जात होत्या. त्यानं एकीलाही हात दाखवला नाही. “आईचं आयक,” एवढंच बोलला. पुढं तापानं फणफणले, तेव्हा कुठं नेलं. जोडवं कापावं लागलंच नाही. डॉक्टरांनी बोटच काढलं, मग ते अलगद निघालं. सासूबाईंनी ते धुऊन देव्हाऱ्यात ठेवलं. अजूनही त्या ते दाखवून मला म्हणतात, “पाह्य, माह्या पोराले काई झालं का?” नाही झालं. त्याला कधीच काही होत नाही.