टिकलीवाल्या सिस्टर

सिस्टरांचं कपाळ कायम मोकळं, आणि युनिफॉर्मच्या खिशात मात्र टिकल्यांची दोन-तीन पाकिटं. नाशिकच्या ज्या दवाखान्यात मी ओटीपोटाच्या दुखण्यासाठी खेटे घालत होते, तिथल्या बायकांच्या ओपीडीत त्या होत्या. त्यांना एका जागी बसलेलं मी कधी पाहिलं नाही. बोलता बोलता केसपेपर लावायच्या, पंखा वाढवायच्या, कुणाच्या तरी सासूला बाहेरच्या बाकावर नेऊन बसवायच्या. बघणाऱ्यालाच धाप लागायची. तुम्ही स्वतः टिकली का लावत नाही, असं मी एकदा विचारलं. "गोंदाने खाज येते," म्हणाल्या.

'थोडं' या शब्दावर त्यांचा भारी राग. मी पहिल्यांदा "खाली थोडं दुखतं" म्हणाले, तर म्हणाल्या, "थोडं म्हणजे किती? मी काय भाजीतलं मीठ विचारतेय?" मला रडू आलं आणि रागही आला. चार वर्षं दुखत होतं. सातपूरच्या कारखान्यात मी ऑफिसच्या खुर्चीवर एका बाजूला कलून बसायची. नवऱ्याने जवळ घेतलं तरी अंग आक्रसायचं. सोनोग्राफी दरवेळी नॉर्मल. डॉक्टर मॅडम म्हणायच्या, टेन्शन घेऊ नका. ते नॉर्मलचे कागद फाडून टाकावेसे वाटत.

सिस्टरांनी एक पाकीट माझ्या हातात कोंबलं. "दुधाचे खाडे मांडतेस ना कॅलेंडरवर? दुखेल त्या दिवशी तिथेच टिकली लाव. काम टाकून पडावं लागलं तर मोठी, रेटता आलं तर छोटी. वहीत लपवायचं नाही. भिंतीवर, सगळ्यांना दिसेल असं."

माझ्या सासूबाई वणीकडच्या. दुसऱ्याच दिवशी त्यांनी विचारलं, "कॅलेंडरला टिकल्या कशापायी गं?" मी सांगितलं. "बाईच्या जातीला दुखणारच. आमच्या टायमाला नव्हतं असलं काय," म्हणून त्या भाकरी थापायला लागल्या. मी चिडून त्या दिवशी मोठी टिकली लावली, खरं तर छोटीच लागत होती. पुढच्या खेपेला हे सांगितल्यावर सिस्टर उखडल्या. "एक खोटी लावलीस तर बाकीच्यांवर कोण विश्वास ठेवेल? काढ ती." घरी येऊन काढली.

तीन महिन्यांनी मी कॅलेंडरची गुंडाळी घेऊन डॉक्टर मॅडमकडे गेले. गुंडाळी मी मांडीवरच धरून बसले. सिस्टर आत आल्या आणि त्यांनीच ते टेबलावर पसरलं. "मॅडम, पाळी चार दिवसांची. मग ह्या बाकीच्या कसल्या?" मॅडम बराच वेळ पानं उलटत राहिल्या. मग पहिल्यांदाच त्यांनी नीट विचारलं: लघवीला दुखतं का, संडासला, नवऱ्याजवळ? सिस्टर दारात उभ्या होत्या, म्हणून मी सगळं सांगू शकले.

दुर्बिणीतून तपासलं तेव्हा गर्भाशयाबाहेर वाढलेलं अस्तर सापडलं. ते काढलं, गोळ्या सुरू झाल्या. खालचे आवळलेले स्नायू सैल कसे सोडायचे, ते एका फिजिओथेरपिस्टने शिकवलं. दुखणं गेलेलं नाही, पण मोठ्या टिकल्या कमी झाल्या. माझ्यासाठी ते खूप आहे.

गेल्या वर्षी सिस्टर निवृत्त होऊन मनमाडला भावाकडे गेल्या. जाताना उरलेली पाकिटं माझ्या पर्समध्ये टाकली आणि निरोप घ्यायलाही थांबल्या नाहीत. मला त्यांची फार आठवण येते, बाकावर कळ काढत बसलेली एखादी बाई दिसली की जास्तच.

परवा सकाळी कॅलेंडरवर एक हिरवी टिकली दिसली. मी लाल लावते. हिरवं पाकीट सासूबाईंच्या डब्यात आहे, सासरे गेल्यापासून बंद पडलेलं. त्या माझ्याकडे पाठ करून चहा गाळत होत्या.

"आई, दुखतं?"

"थोडं."

"थोडं म्हणजे किती?"

त्यांनी गाळणी खाली ठेवली. "लय. तुझ्या नवऱ्याच्या बाळंतपणापासून."

मोठी टिकली होती ती. मी सोमवारची रजा टाकली आहे. आत मॅडमसमोर त्या बोलतील तेव्हा दारात मी उभी राहणार आहे.