डावखुऱ्यांचं गाव

न्केंगे मावशी एकदा नाही म्हणाली की विषय संपला, हे आमच्या घरातल्या शेळीलाही ठाऊक होतं. नवऱ्यानं किन्शासात खोली घेतली तेव्हा ती त्याला म्हणाली, तू जा, सणासुदीला येत जा. तो बिचारा गेला आणि सणासुदीला येत राहिला. मिशनमध्ये ती पाद्र्यांचे कपडे धुवायची. एखाद्या झग्यावर ताडीचा डाग दिसला, तर तो झगा ती मुद्दाम चर्चच्या वाटेवरच्या दोरीवर वाळत घालायची.

अशा बाईनं आपल्या आईला शब्द दिला होता. आई, म्हणजे माझी लेम्बा आजी, अंथरुणाला खिळली होती आणि तिचं मागणं एकच होतं: मला जुन्या गावात, माझ्या आईशेजारी पुरा.

जुनं गाव ओढ्याकाठी होतं. गोऱ्यांच्या राज्यात ओढ्यावरच्या माश्या चावून होणाऱ्या झोपेच्या आजाराचं निमित्त करून साहेबांनी ते उठवलं आणि आमच्या लोकांना मोटाररस्त्याच्या कडेला आणून बसवलं. मागे राहिल्या कबरी आणि न्साफूची फळझाडं. पुढं ओढ्यापलीकडच्या मावुंगू म्हाताऱ्याच्या कुळानं ती झाडं तोडून तिथं कसावा लावला, कबरींवर गवत माजलं आणि तुमचं गाव इथं कधी नव्हतंच, असं ते लोक बेधडक सांगू लागले. जमीन कुणाची हे आमच्याकडे तिथं कोण पुरलंय यावरून ठरतं. त्यामुळं आमची एक म्हातारीसुद्धा तिथं येऊ द्यायची नाही, असा मावुंगूचा पण होता.

मिशनच्या पाहुणेघरात एका भिंतीवर जुने फोटो टांगलेले होते. कुणी एक गोरा प्रवासी डोक्यावर छत्री आणि मागं हमालांची रांग घेऊन आमच्या मुलखातून फिरला होता, त्यानं काढलेले. नद्या, टेकड्या, माणसं. टेकड्यांना नावं दिली होती, माणसांना नव्हती. त्यातल्या एका फोटोखाली लिहिलं होतं, ‘विश्रांती घेणारे स्थानिक लोक’. चटईवर एक म्हातारा काठी घेऊन बसला आहे, दुसरा उभा राहून त्याला ताडीचा पेला देतो आहे, मागं न्साफूची तीन झाडं, त्यामागं उपड्या टोपलीसारखी गोल टेकडी आणि कडेला ओढा. आमच्यात पाहुण्याला मानानं पेला देतात, त्याला साहेब विश्रांती म्हणतो. मला त्या ओळीचा अजून राग येतो.

वर्षानुवर्षं मावशी त्या भिंतीसमोरून चादरी घेऊन ये-जा करत होती. आजीनं गावाचा आणि तिथल्या तीन न्साफूंचा ध्यास घेतला तेव्हा कुठं तिनं थांबून ती तीन झाडं नीट पाहिली. फोटो मागितला तर फादर म्हणाले, तो मिशनचा आहे. मग मावशी धुण्याच्या दगडावर जाऊन बसली आणि कपड्यांना हात लावीना. रविवार जवळ आला, झगे मळके ते मळकेच, तेव्हा फादरनी मुकाट्यानं फोटो काढून दिला.

आजीनं तो छातीजवळ धरला आणि उभ्या माणसावर बोट ठेवलं. “हा माझा न्गोमा मामा. ही आमची झाडं.”

पंचांची बैठक बसली. आमच्याकडून बोलायला मयाला मामा, मावशीचा थोरला भाऊ. आमच्यात घराणं आईकडून चालतं, त्यामुळं शेवटचा शब्द मामाचा. त्यानं फोटो ऐटीत पुढं केला. मावुंगूनं तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, आणि त्याचा चेहरा खुलला.

“बसलेत ते माझे आजोबा. ही काठी अजून माझ्या घरात आहे,” तो म्हणाला. “पण मयाला, टेकडीकडे तोंड केलं की तुमच्या काठावर ओढा कुठल्या हाताला येतो?”

“डाव्या.”

“आणि फोटोत?”

फोटोत तो उजवीकडे होता. म्हणजे गाव मावुंगूच्या काठावरचं.

“तर तुमचा न्गोमा आमच्या दारात आमच्या आजोबांना ताडी वाढत होता,” मावुंगू म्हणाला. “आता कळलं ना, तुम्ही कोण होतात ते?”

याहून मोठी शिवी आमच्यात नाही. दुसऱ्याच्या दारात चाकरी करणारं कुळ म्हणजे जमीन नसलेलं कुळ. लोक हसले. घरी येताना मयाला मामा मावशीवर उखडला: जमीन तर गेलीच, वर नाकही कापून आणलंस, आता आईला रस्त्याकडेच्या दफनभूमीत न्यायचं आणि गप्प बसायचं. मलाही वाटलं, आता तरी ही ऐकेल. मावशीनं फोटो चुलीवरच्या फळीवर उभा केला आणि ती कसावा कुटायला बसली.

त्यानंतर एका दुपारी ती केळीच्या पानात कसावा बांधत होती. उजवा हात पिठानं माखलेला, आणि आजीनं पाणी मागितलं. मावशीनं घाईत डाव्या हातानं पेला पुढं केला.

आजीनं तोंड फिरवलं. “मी कुत्री आहे का गं?”

मावशी हात धुवायला उठली आणि फळीसमोर थबकली. तिनं मला जवळ बोलावलं. फोटोत न्गोमा मामाचा पेला डाव्या हातात होता. घेणाऱ्यानंही डावाच हात पुढं केला होता. मागं एकजण कोयत्यानं लाकूड तोडत होता, डाव्या हातानं. भांडं ढवळणारी बाईही डावखुरी. अख्खं गाव डावखुरं!

“छापताना या फोटोची उलटी बाजू सुलटी झालीय,” मावशी म्हणाली. झगा उलटा की सुलटा हे ओळखण्यात तिचा जन्म गेला होता.

मयाला मामा पुन्हा बैठक मागायला तयार होईना. मावशी त्याच्या दारात जाऊन बसली. कपडे धुवायचे सोडून ती कशी बसते हे त्याच्या कानावर आलेलं होतं, म्हणून तो संध्याकाळच्या आत उठला.

दुसऱ्या बैठकीला मावशी न्हाव्याचा आरसा घेऊन गेली. बायकांनी तिथं बोलायचं नसतं. मामानं मानेनं खूण केली तेव्हा ती उभी राहिली आणि थेट मावुंगूपुढं जाऊन गुडघ्यांवर बसली.

“मावुंगूबाबा, तुमचे आजोबा पेला कुठल्या हातानं घेताहेत?”

त्यानं फोटो पुन्हा डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाला, “साहेबानं तसं करायला लावलं असेल.”

“आणि मागच्या त्या भांडं ढवळणाऱ्या बाईलाही?”

कुणी हसलं नाही. मावशीनं फोटो आरशासमोर धरला. आरशात ओढा डावीकडे गेला आणि पेला दोघांच्याही उजव्या हातात आला. पंच एकेक करून वाकून पाहून गेले.

“फोटो आहे तसाच खरा असेल तर जमीन तुमची,” मावशी म्हणाली. “पण मग तुमच्या आजोबांनी डाव्या हातानं पेला घेतला. एवढं सगळ्यांसमोर म्हणा. मी फोटो इथंच फाडते आणि आईला रस्त्याकडेला पुरते.”

म्हातारा हो म्हणाला असता तर सगळंच संपलं असतं. मयाला मामानं डोळे मिटून घेतले होते. मावुंगूनं फोटो आणि आरसा तिच्या हातातून घेतले आणि आरशातला आजोबांचा हात पुन्हा पाहिला. त्याचं नाव आजोबांचंच होतं.

“आमचे आजोबा रीत पाळणारे होते,” तो शेवटी म्हणाला. “ते पाहुणे होते. तुमच्याकडे.”

आजी पावसाळा संपताना गेली. मावुंगूच्या पोरांनी कसावा उपटून जागा मोकळी केली, गवतातल्या कबरी शोधल्या आणि आम्ही तिला तिच्या आईशेजारी ठेवलं. मावुंगू आजोबांची काठी टेकत ओढा ओलांडून आला आणि कडेला उभा राहिला. मावशीचे डोळे रडून सुजले होते. तिनं चटई झटकून अंथरली, त्याला बसवलं, ताडीचा पहिला पेला भरला आणि उजव्या हातानं त्याच्यापुढं केला.