चष्मा काढून बघणं

फॉर्मवर सही करताना मी चष्मा काढला आणि कागद नाकाशी नेला. समोरच्या डॉक्टरीणबाई ते बघतच राहिल्या.

"काम काय करता?"

"सोनं गाळतो. गलाईचा धंदा."

सातवीत शाळा सोडून विट्याहून इकडे कोइमतूरला आलो, तो इथलाच झालो. भट्टीपाशी घामानं चष्मा सारखा घसरतो, म्हणून डोळ्यांना लेझर करून नंबर घालवायचा होता. आधीच्या दवाखान्यात म्हणाले, चष्म्याची कटकटच संपेल, उद्याच या. तरी आणखी एकीकडे दाखवावं म्हणून इथं आलो.

बाई मोडक्या हिंदीत म्हणाल्या, "लांबचं दिसेल, अण्णा. पण आता चष्मा काढून जवळचं दिसतं ना, ते जाईल. चाळिशी उलटली की मग जवळचा चष्मा लागतो."

कसोटीवरची सोन्याची रेघ उघड्या डोळ्यांनी ओळखायची, एवढीच माझी विद्या. आणि तीच घालवायला मी आपल्या पायांनी चालत आलो होतो. माणूस फार थकला की त्याला आपलं दुखणं कुठलं आणि आधार कुठला, ते कळेनासं होतं. सगळंच काढून टाका म्हणतो.

"मग नको करू?"

"मी तरी केलं नसतं."

या परमुलखात, दारात आलेलं गिऱ्हाईक परत पाठवणारं माणूस मला पहिल्यांदाच भेटलं. दवाखान्याच्या पायरीवर बसलो, तर लवकर उठवेना.