पप्पांचा बास

आमच्या घरात स्पीकरवरून जेवढी भांडणं झाली तेवढी दुसऱ्या कशावरूनच झाली नसतील. आणि गंमत अशी की, घरातल्या तिघांपैकी एकालाही गाणी ऐकायचं म्हणावं असं वेड नाही. आई नर्स होती, निवृत्त झाल्यापासून तिला दुपारी एक सिनेमा लागतो. मी शाळेत गणित शिकवते. दिवसभर पोरांचा कालवा ऐकून घरी आलं की कुणी श्वाससुद्धा मोठ्यानं घेऊ नये असं मला वाटतं. राहिले पप्पा. पप्पांना एकच गाणं ऐकायचं असतं. एकच! आणि त्या एका गाण्यापायी मी गेल्या सहा वर्षांत तीनदा स्पीकर बदलले.

ते गाणं म्हणजे आमच्या देवळातल्या, म्हणजे चर्चमधल्या, क्वायरनं फार वर्षांपूर्वी नाताळच्या उपासनेत म्हटलेलं एक गीत. मी तेव्हा चौथीत होते. कुणीतरी मागच्या बाकावर टेपरेकॉर्डर ठेवून ते भरून घेतलं. पुढं कॅसेटची सीडी झाली आणि सीडीतून ते पेनड्राइव्हवर आलं. क्वायरमध्ये चार आवाज असतात. सोप्रानो आणि आल्टो बायकांचे, टेनर आणि बास पुरुषांचे. सोप्रानो सगळ्यात वरचा, बास सगळ्यात खालचा. आई सोप्रानो म्हणायची, पप्पा बास. बास म्हणणारे तेव्हा दोघंच होते आणि त्या दिवशी नेमका दुसऱ्याचा घसा बसलेला. म्हणजे त्या टेपवर जो काही बास आहे तो एकट्या पप्पांचा. आणि तो ऐकूच येत नाही.

"मी कुठंय ह्यात?" हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल, देवाला ठाऊक. गाणं लागायचं, पप्पा मान पुढं काढून ऐकायचे, आणि मग स्वारी आईवर घसरायची. "हिनं दाबून टाकलं मला. काय ओरडायची ही बाई!" आई मेथी निवडत असायची. ती यावर कधी ब्र काढायची नाही.

पप्पा एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगायचे, आणि ते बरोबर निघायचं. त्यामुळं आपला कान चुकेल हे त्यांच्या गावीही नव्हतं. दोष डब्याचा. आधी टीव्हीच्या स्पीकरचा दोष, म्हणून मी टीव्हीखाली ठेवायचा तो लांबडा साउंडबार आणला. मग त्याचा दोष, म्हणून ब्लूटूथचा गोल डबा. मग त्याचाही दोष. आईचा प्रत्येक नव्या स्पीकरला विरोध. "कशाला? आहे त्यात बरं ऐकू येतंय की," म्हणायची. मला वाटायचं, काटकसर. जन्मभराची सवय, जाईल कशी?

आईनं दोन वर्षांपूर्वी क्वायर सोडला. गुडघ्यांमुळं उभं राहवेना. पप्पा मात्र अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही दर रविवारी कोट घालून बासच्या रांगेत. यंदा क्वायर चालवायला नवी बाई आली. पस्तिशीची, संगीत शिकवणारी, स्वभावानं फार गोड. नाताळच्या तालमी सुरू व्हायच्या आधी तिनं पप्पांना बाजूला घेतलं आणि म्हणाली, "अंकल, यंदा तुम्ही पुढच्या बाकावर बसून आम्हाला आशीर्वाद द्या."

पप्पा घरी आले आणि जेवले नाहीत. चिडले की त्यांची पारनेरकडची बोली बाहेर येते. "आशीर्वाद देऊ? मी काय देवळातला पाळक हाय का? तिला बास म्हंजी काय तेच ठावं न्हाई. ऐकला असंल तर ना!" आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी मला न विचारता अख्ख्या क्वायरला आमच्याकडं चहाला बोलावून टाकलं. येत्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी, उपासना झाल्यावर. त्यांना टेप ऐकवायची. त्यातला बास ऐकला की ती बाई आपली चूक कबूल करील आणि आपल्याला परत उभं करील, असा सगळा बेत. "पण त्याआधी नीट स्पीकर आण," मला हुकूम.

मी भांड भांड भांडले. पण मला कळत होतं, हा नुसता चहा नाही. आठवडाभर ते क्वायरच्या रविवारच्या एका तासावर जगायचे. तो तास गेला तर या माणसाचं काय करायचं, हा प्रश्न माझ्यासमोर होताच. म्हणून गेले मुकाट्यानं कापडबाजाराच्या मागच्या गल्लीतल्या दुकानात आणि सांगून आले, दोन उभे स्पीकर, एक अ‍ॅम्प्लिफायर आणि तो खालचा आवाज काढणारा काळा डबा, सबवूफर.

दुकानदार स्वतःच जोडायला आला. चष्मा कपाळावर, पोट पुढं, आणि बोलणं डॉक्टरासारखं. त्यानं काळा डबा उचलला आणि सरळ पप्पांच्या खुर्चीवर ठेवला.

"अहो, तिथं पप्पा बसतात," मी म्हटलं.

"तेच तर. आता डबा काकांच्या जागी आणि काकांनी खोलीभर रांगायचं. जिथं बास सगळ्यात चांगला ऐकू येईल तिथं डबा ठेवायचा. मग काका खुर्चीत बसले की तसाच ऐकू येईल."

मला वाटलं, हा चेष्टा करतोय. पण पप्पांचा चेहरा खुलला. त्यांच्या मेकॅनिकच्या डोक्याला ते लगेच पटलं. "बराबर हाय!" म्हणून ते खाली बसले आणि चक्क रांगायला लागले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, गुडघ्याखाली उशी सरकवत, कान फरशीला लावत आमच्या हॉलमधून फिरतोय. वर दुकानदारानं लावलेली ढोलाची धून चालू; आपलं गाणं सगळं जमल्यावरच, असा पप्पांचा हट्ट. तेवढ्यात शेजारीण चटणीची वाटी घेऊन दारात आली. "काही हरवलं का हो?" म्हणाली आणि उत्तराची वाट न बघता वाटी ठेवून तीही सोफ्याखाली वाकून शोधायला लागली. मी डोक्याला हात लावला.

उत्तम बास कुठं मिळाला? आईच्या शिलाई मशीनखाली. चाळीस वर्षं एका जागी असलेलं मशीन.

"मशीन हलणार नाही," आई म्हणाली.

"एका रविवारापुरतं, आई."

"अहो, राहू द्या ना ते गाणं. केक करते, चिवडा करते, पोरं खातील, जातील."

पप्पांनी ऐकलं नाही. मशीन आतल्या खोलीत गेलं. आणि मग सुरू झाली खडखड. काळा डबा हुंकारला की शोकेसमधल्या कपबशा वाजायच्या. त्या थांबवल्या तर भिंतीवरची फ्रेम वाजायची. पप्पांनी सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापून एकेका बशीखाली घातले. दोन दिवस घरात रबराचा वास. दुपारी आईनं सिनेमा लावला तर त्यातली माणसं कुजबुजायची आणि दार लागलं की घर पडल्यासारखं व्हायचं. ती एका हातात रिमोट आणि दुसरा हात छातीवर ठेवून बसायची. "बोलतात काय ते कळत नाही, आणि दारं कशाला एवढी आपटतात मेले!" माझा जीव अगदी मेटाकुटीला आला होता. कधी एकदा तो रविवार होतोय आणि हे सगळं गोणीत भरून माळ्यावर टाकतेय असं झालं होतं.

शनिवारी दुपारी पप्पा आंघोळ करून, केस विंचरून खुर्चीत बसले. "लाव," म्हणाले. आई म्हणाली, "मला करंज्या करायच्यात," आणि आत गेली.

मी गाणं लावलं. आधी आईचा आवाज आला, वरचा, स्वच्छ. आणि मग त्याच्या खालून, आयुष्यात पहिल्यांदा, एक जाड, भरदार आवाज वर आला. "आलात! पप्पा, तुम्ही आलात!" मी ओरडलेच.

त्यांनी हात वर करून मला गप्प केलं.

मग मलाही ऐकू आलं. मला गाण्यातलं फार कळत नाही, पण जिना उतरताना एखादी पायरी बुटकी निघाली की पायाला कळतं, तसं कळलं. पप्पांचा आवाज सुरापेक्षा खाली होता. फार नाही, थोडासा. पण प्रत्येक ओळीत. लांब सूर आला की तो घसरायचा, आणि पुढच्या सुरावर सगळे पोचले की मागून पोचायचा.

"परत लाव," पप्पा म्हणाले. मी लावलं. "परत." ते डोळे मिटून ऐकत होते, मान एका बाजूला. लहानपणी डेपोत डबा द्यायला गेले की हाच चेहरा मी इंजिनावर वाकलेला बघायचे. तिसऱ्यांदा गाणं संपलं.

"खाली हाय," ते म्हणाले. "पयल्यापास्नं खाली हाय."

"पप्पा, टेप जुनी आहे. फीत ताणली असेल."

"फीत ताणली तर समदेच खाली जातील. मी एकटाच कसा जाईन?"

त्यांनी आतल्या बाजूला हाक मारली, "अगं, भायेर ये." आई आली. हात पिठाचे.

"तुला ठावं हुतं?"

आईनं पदराला हात पुसले. "हो."

"कवापास्नं?"

"लग्नाच्या आधीपासून."

"मग बोलली का न्हाईस?"

"काय बोलू? डेपोतून दमून यायचात, आणि बंब पेटवताना बासच म्हणत बसायचात. रविवारची एवढी वाट बघणाऱ्या माणसाला काय सांगू? मी आपली जोरात म्हणायचे. क्वायरचे मास्तर म्हणायचे, बाई, जरा हळू. मी हो म्हणायचे आणि तश्शीच म्हणायचे." मग ती माझ्याकडं बघून, जणू चूक माझ्यापाशी कबूल करायची होती तसं म्हणाली, "गुडघे गेले आणि मी बसले. तेव्हाच वाटलं होतं, आता हे उघडे पडणार."

मला दोघांचाही भयंकर राग आला. पन्नास वर्षं एक माणूस खोटं ऐकतोय, एक माणूस घसा फोडतोय, आणि मी मधल्या मध्ये दुकानं पालथी घालतेय! एका शब्दानं मला सांगायला काय झालं होतं? मी स्वयंपाकघरात जाऊन करंज्या लाटायला घेतल्या आणि तिथं उगाच रडले. आई म्हणाली, "जाड लाटतेस," तेव्हा जास्तच रडू आलं.

संध्याकाळी मी पप्पांना म्हटलं, "स्पीकर बिघडले म्हणून सांगू का? उद्या नुसता चहा करू."

"बिघडलेलं काय ते मी सांगीन," ते म्हणाले.

रविवारी क्वायर आला. अकरा माणसं, कुणी सोफ्यावर, कुणी सतरंजीवर. प्रार्थना झाली. पप्पा उठले आणि काळ्या डब्याचं बटण स्वतःच्या हातानं शून्यावर आणलं. माझा इतक्या दिवसांचा घाम, आणि शून्यावर! मग मला खूण केली. मी गाणं लावलं.

हॉलमध्ये आईचा आवाज भरला. क्वायरची बाई हातातली बशी खाली ठेवून ऐकायला लागली. गाणं संपल्यावर म्हणाली, "अंकल, हा वरचा आवाज कुणाचा?"

पप्पांनी आईकडं बोट केलं.

"आणि तुमचा बास? तो कुठं ऐकू आला नाही."

"तो ऐकण्यासारखा नव्हता," पप्पा म्हणाले. अगदी शांतपणे, शुद्ध भाषेत. "हिनं झाकून घेतला. इतकी वर्षं. आणि मी हिलाच म्हणायचो, तू ओरडतेस."

आई म्हणाली, "चहा गार होतोय," आणि मांडीवरचा पदर सारखा करत बसली. क्वायरची बाई उठून तिच्याशेजारी जाऊन बसली आणि तिनं आईचा हात धरला. पप्पांनी करंज्यांचं ताट उचललं, आणि एरवी पाहुण्यांच्या आधी घरच्याला देणं त्यांना बिलकूल खपत नाही, पण त्यांनी ते आधी आईपुढं धरलं.

सोमवारी सकाळी मी शाळेला निघाले. हेल्मेट घालत होते तर पप्पा फाटकापर्यंत आले.

"येताना त्या दुकानात जरा विचार," म्हणाले. "वरच्या सुराला हिचा आवाज किंचित फाटतोय. बारीक आवाजासाठी वेगळा स्पीकर मिळतो का?"

मी हात जोडले. खरंच, स्कूटरवर बसल्या बसल्या दोन्ही हात जोडले. मग आतल्या दाराकडं बघितलं. दर वेळी नको नको म्हणणारी आई दारात उभी होती.

"आणा," ती म्हणाली. "पण आधी माझं मशीन जागेवर ठेवा."