मघाच्या म्हणीवर हसणाऱ्यांनो

पाऊस मोजणाऱ्यांच्या आपल्या ग्रुपमधून मी आज का बाहेर पडले, असं एकेकानं मेसेज करून विचारताय ना? मग ऐका.

सिल्लोडजवळ आमचं शेतातलं घर. मघा नक्षत्र लागल्यापासून पावसानं उघडीप दिलेली नाय. मक्याचं रान आडवं झालं. आज पहाटे संडासाची भिंत पडली, अंगणात गुडघाभर पाणी. घरात कोरडी जागा एकच राहिली, चुलीपुढची.

सकाळी ग्रुपवर शहरातल्या एका काकांनी म्हण टाकली, 'पडतील मघा तर चुलीपाशी हगा.' खाली नुसता हसण्याचा पूर. 'काय अस्सल गावरान! अजून येऊ द्या.'

त्याच वेळी मी सासूबाईंना चुलीपुढं बादलीवर बसवून, जुनं लुगडं आडवं धरून उभी होते. गुडघे गेलेत त्यांचे, पाण्यातून कुठं नेणार? जन्मभर डोक्यावरचा पदर ढळू दिला नाय या बाईनं. भिंतीकडं तोंड करून म्हणाल्या, "आता इथंच भाकरी भाजायची का गं बाई?"

तेवढ्यात फोन वाजला. ॲडमिन विचारत होते, 'सिल्लोडच्या ताई, आजचा आकडा? आज पहिला नंबर तुमचाच!'

मी आकडा टाकला नाय.

परत बादलीवर बसायला लागू नये म्हणून सासूबाईंनी सकाळपासून पाण्याचा घोट घेतलेला नाय. चारी बाजूंनी पाणी, आणि बाई तहानलेली.

याच्यावर आहे का एखादी म्हण तुमच्याकडं? असली तर टाका. हसा.