पंगत, जत्रा आणि मासूमाबीच्या बांगड्या

मासूमाबी मणियारीण काच वितळवते आणि यंदा देवीची साथ कुठल्या आळीत येणार ते तिला त्या काचेत दिसतं, अशी बोलवा दूधबाजारापासून रविवार कारंजापर्यंत होती. लाल काच फुगली की समजायचं, आई आल्याच. मी तिच्या भिंतीला भिंत लावून राहणारा बत्ताशेवाला मोतीराम. मला विचाराल, तर तिला त्या काचेत बुडबुड्यांखेरीज काही दिसत नसे. बोटं मात्र भाजत, आणि त्यांवर लावायला लोणी आमच्याच घरून जाई.

काच वितळवायची, एवढं खरं. नवरा इसाक दुकानात बसे. ही टोपली घेऊन घरोघरी बायकांचे हात भरी, आणि दुपारी परतली की फुटक्या बांगड्यांची पुरचुंडी सोडून चिमणीपुढे बसे. फुंकणीनं ज्योत मारायची, काच मऊ झाली की अर्धी राखेत पुरायची, अर्धी वाऱ्यावर ठेवायची. वाऱ्यावरची काच कुणी हात न लावता मागाहून तडकून जाई; राखेतली शहाण्या सुनेसारखी नांदे. असं का, हा तिचा प्रश्न. आता बांगडी विकणाऱ्या बाईनं बांगडी का फुटते हे विचारावं का? फुटते म्हणून तर दुसरी खपते. मी तिला तसं सांगितलंसुद्धा.

"मोतीरामभाऊ," ती म्हणाली, "तुमचा बत्तासा विरघळतो. का विरघळतो, कधी विचारलंत?"

नव्हतं विचारलं. अजूनही विचारलेलं नाही. धंदा बरा चाललाय.

तिच्या या संशोधनापायी माझा पाकही जाई. साखरेच्या पाकात लिंबू पिळून तो न ढवळता ताटात ओतला की काचेसारखा आरपार गोठतो, आणि ढवळत राहिलं की दाणे धरतो. हे मला बापजाद्यांपासून ठाऊक. पण मासूमाबीनं एक दिवस तो गोठलेला पाक आणि खडीसाखरेचा खडा शेजारी शेजारी ठेवून फोडला. खडा सपाट बाजूंनी फुटला. पाकाचे मात्र शिंपल्यासारखे वाकडे कपचे उडाले, हुबेहूब बांगडीच्या काचेसारखे.

"बघा," ती म्हणाली. "खडीसाखर म्हणजे पंगत. सगळे रांगेत बसलेले. काच म्हणजे जत्रा. माणसं चालता चालता जिथल्या तिथं थिजली. पंगत कुठून मोडेल ते सांगता येतं. जत्रेचं नाय सांगता येत."

"आणि माझा पाक?"

"तो खाल्ला इसाकनं."

आता तिच्या भाकितांचं. घरात आई आल्या की फोडणी बंद, तळण बंद, आणि नवी बांगडीही बंद. पण आई आल्यात हे लोक सांगत नाहीत. सांगितलं की म्युनिसिपालटीचा देवी टोचणारा दारात उभा. मासूमाबीला मात्र कळे. ऐन चैत्रात तिला आतून कुणी "आज नको गं" म्हणालं, की ती समजून चुके. मग त्या घरच्या बाया कुणाकडे जाऊन बसतात ते आठवायचं आणि पुढचं घर सांगायचं, एवढीच तिची विद्या.

चौतीस साली ती विद्या तोंडावर आपटली. रामाचा रथ होऊन गेल्यावर तिनं सांगितलं, आपल्या आळीत देवी येणार. देवी आल्या नाहीत. कांजिण्या आल्या, त्याही तांबट आळीत. त्या दिवसापासून मी तिला कांजिण्याबी म्हणू लागलो आणि आळीनं ते नाव उचलून धरलं.

"रथाच्या गर्दीत कोण कुणाला घासलं ते काय कळणार?" ती म्हणे. "ती जत्रा होती. मी पंगत समजून बसले."

त्यामुळे पुढच्या चैत्रात वत्सलाबाईंच्या ओसरीवर त्यांचे हात भरता भरता तिनं तोंड उघडलं, तेव्हा तिची बाजू आधीच लंगडी होती. वत्सलाबाईंची चैत्रगौर म्हणजे आळीतलं पहिलं हळदीकुंकू. त्यांच्यानंतर घरांची पाळी ठरलेली. आज या घरी, उद्या त्या घरी, कडेवरच्या पोरांसकट सगळ्या बाया हजर. त्यांची थोरली लेक भद्रकालीतल्या सासरहून तान्ह्या मुलाला घेऊन आली होती. मी बत्ताशांची परडी पोचवायला गेलो होतो, म्हणून हे मला ऐकायला मिळालं.

"वत्सलाबाई, हळदीकुंकू जरा पुढं ढकला. नाय तर आधी सगळी पोरं टोचून घ्या."

"का गं?"

"तुमच्या लेकीच्या सासरी मला आज नको म्हणाले."

"असतील भरलेल्या बांगड्या."

"घरात नवी नवरी, आणि दाराआड कडुलिंबाचा टहाळा. आता ही तुमच्याकडं आली. इथून पुढं तर पंगतच आहे. वाढपी कुठून कुठं जाणार, ते मला पाठ आहे."

वत्सलाबाईंनी तिच्या हातातून आपला हात काढून घेतला. "घरात गौर बसलीय, आणि तू उंबऱ्यावर बसून असलं बोलतेस? हळदीकुंकू ठरल्या दिवशीच होईल. उद्यापासून या आळीत टोपली आणू नकोस."

मणियारणीला आळीनं दार लावलं म्हणजे चूल विझली. तिचं सगळं घर आमच्या बायकांच्या मनगटांवर चाललं होतं. मी वाटेत तिला म्हटलं, "कांजिण्याबी, जा, माफी मागून टाक. म्हण, चुकले."

"आणि पोरं?" तिनं विचारलं. 

दुसऱ्या दिवशी तिनं टोपली आणली नाही. देवी टोचणारा आणला. त्याचं नाव रावजी. बिचारा वडाखाली पेंगत बसे, कारण त्याला बघितलं की पोरं माळ्यावर चढत. त्याला आपल्या ओट्यावर बसवून तिनं जाहीर केलं, "ज्या घरची पोरं टोचली, त्या घरचे हात भरीन. बाकीच्यांनी दुसरीकडं जावं."

गिऱ्हाइकालाच अट घालणारी मणियारीण मी तेवढी एकच पाहिली. वत्सलाबाई हसल्या आणि त्यांनी पंचवटीतला मणियार बोलावला. त्याचे हात कसले, सांडशीच. दोन बायकांच्या मनगटांवर त्यानं निम्म्या बांगड्या वाढवल्या. फुटल्या म्हणायची आपल्यात रीत नाही, पण गौरीपुढे काचांचा खच पडलेला सगळ्यांनी पाहिला. अपशकुन तो अपशकुन. शिवाय मासूमाबीचा हात असा मऊ, की बांगडी चढल्याचं मनगटाला कळत नसे.

देवीच्या भीतीनं जे झालं नाही, ते बांगडीच्या हौसेनं झालं. आधी आमच्या घरची गेली, जाताना पोरांबरोबर मलाही ओढून नेलं. मी अजिबात ओरडलो नाही. ओरडलो असं सांगणारी ती एकटीच आहे. मग एकेक घर आलं. हळदीकुंकवाच्या आदल्या दिवशी वत्सलाबाई मागच्या बोळानं आल्या, लेक आणि नातवाला घेऊन.

"मी काही घाबरून आले नाही हो. मनगट सुजलंय माझं."

"बरं," मासूमाबी म्हणाली. "आधी नातू."

हळदीकुंकू ठरल्या दिवशी झालं. पुढे भद्रकालीतल्या त्या घरून शीतलादेवीला देवी उतरल्याचा थंड नैवेद्य गेला, तेव्हा तिथलं खरं बाहेर आलं. आमच्या आळीत मात्र काहीच झालं नाही. वत्सलाबाईंचा नातू दोन दिवस तापला, दंडावर फोड आला, आणि पुन्हा भोकाड पसरायला मोकळा झाला. महिना उलटला तशी बायकांची कुजबुज सुरू झाली. देवी बिवी काही येणार नव्हत्या, उगीच आपले दंड सुजवले हिनं. दारं मात्र कुणी लावली नाहीत. मऊ हात सोडवत नव्हता.

मी असली संधी सोडतो होय? दुपारी जाऊन तिच्यापुढे बैठक मारली.

"मासूमाबी, गेल्या साली कांजिण्या तरी आणल्यास. यंदा तेवढंही नाही. भाकीत साफ खोटं ठरलं की तुझं."

ती चिमणीवर काच फिरवत होती. मान वर न करता म्हणाली, "खोटं पाडायला मला किती खटपट करावी लागली ते बघितलंत ना, मोतीरामभाऊ? खरंच करायचं असतं तर नुसती गप्प बसले असते."